मीटरची वही

या आठवड्याच्या टपालात एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून नाव-गाव काहीच सांगत नाही. एवढंच सांगते, की ते पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. का, ते पुढे येईलच.

ती लिहिते, "ताई, दर महिन्याला विजेचं बिल आलं की आमच्याकडे जेवताना तोच विषय. यजमान म्हणतात, तू गीझर बंद करायला विसरतेस. सासूबाई म्हणतात, दिवसातून किती वेळा तो मिक्सर लावतेस! मी आता चटणीसुद्धा पाट्यावर वाटते. तरी बिल जिथल्या तिथे. वीज नक्की कशाला लागते, हे समजायचा काही मार्ग आहे का हो?"

आहे ना! तो मार्ग तुमच्या जिन्याखाली नाहीतर दाराबाहेरच्या पेटीत टांगलेला आहे. आपण येता-जाता त्याच्याकडे बघतोही, पण वाचत मात्र नाही. दुधाचा रतीब आपण कॅलेंडरवर लिहितो, धोब्याचे कपडे मोजून देतो, वाण्याच्या यादीतली पाव किलो साखर जास्त लागली तर लगेच विचारतो. आणि महिना हजार-दोन हजारांची वीज मात्र कोणीतरी सांगितलेल्या आकड्यावर मुकाट्यानं घेतो. तेव्हा आज मीटर वाचायला शिकू या. पाढे येत असतील तर हे येईलच.

आधी आकडा ओळखा

पूर्वीच्या मीटरमध्ये काचेआड एक ॲल्युमिनियमची चकती फिरायची. आता बहुतेक घरी इलेक्ट्रॉनिक मीटर आहेत. त्याच्या छोट्या पडद्यावर आकडे आळीपाळीनं येतात आणि तिथेच आपण गोंधळतो. त्यातला एक आकडा तारीख असते, एक वेळ, २३० च्या आसपासचा असेल तो विजेचा दाब. आपल्याला हवा तो आकडा येतो तेव्हा पडद्याच्या कडेला इंग्रजीत 'के-डब्ल्यू-एच' अशी अक्षरं दिसतात. तो आकडा म्हणजे तुमचं रीडिंग. घाई करू नका, दोन फेऱ्या बघा आणि मग लिहा. अक्षरांत मध्येच 'व्ही-ए' दिसलं तर तो दुसरा आकडा, तो आपला नव्हे. काही मीटरवर पडद्याऐवजी आकड्यांची चाकं असतात. तिथे शेवटचा लाल आकडा दशांशाचा, तो सोडून द्यायचा.

आता बिल हातात घ्या. आधी बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर कोरलेला क्रमांक एकच आहे का, ते बघा. हसू नका!  मग 'चालू रीडिंग' आणि 'मागील रीडिंग' हे दोन रकाने शोधा. चालू ८,५६९ आणि मागील ८,४१२ असेल तर वजाबाकी १५७. तेवढी युनिटं तुम्ही वापरलीत. शेजारी 'गुणक अवयव' असा जडसा शब्द असतो. साध्या घरात तो १ असतो, वेगळा दिसला तर मात्र चौकशी करा.

महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्याटप्प्यानं महाग होते. पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत, दुसरा ३०० पर्यंत, तिसरा ५०० पर्यंत आणि त्यापुढे चौथा. पुष्कळ जणींना वाटतं, १०१ वं युनिट झालं की सगळ्याच युनिटांचा दर चढतो. तसं नाही. वरच्या उदाहरणात पहिल्या १०० युनिटांना पहिलाच दर लागेल, उरलेल्या ५७ ना दुसरा. पण एक खरं, की जे युनिट तुम्ही वाचवाल ते सगळ्यात महागातलं वाचेल. म्हणून थोडी काटकसरही बिलात चांगली दिसते.

एक युनिट म्हणजे किती?

हजार वॉटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. एवढंच सूत्र. प्रत्येक वस्तूच्या पाठीवर नाहीतर बुडाला तिचे वॉट छापलेले असतात. ते बघा आणि मांडा हिशेब.

दोन हजार वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो. रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला ३० युनिटं. हजार वॉटची इस्त्री तासाला फार तर एक, कारण तापली की ती मध्ये मध्ये आपोआप बंद होते. ७५ वॉटचा साधा पंखा तेरा-चौदा तासांत एक युनिट, आणि नव्या प्रकारचा ३० वॉटचा पंखा त्याच एका युनिटात तेहेतीस तास फिरतो. ९ वॉटचा एलईडी दिवा एका युनिटात शंभराहून जास्त तास जळतो. फ्रिज दिवसाला साधारण एक ते दीड. दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड.

आता पत्रातल्या मिक्सरकडे येऊ. ५०० वॉटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालला, तर महिन्याला अडीच युनिटं होतात. फक्त अडीच! तेव्हा भगिनी, तो पाटा-वरवंटा उचलून ठेवा. चटणीला चव येते म्हणून वाटायची असेल तर खुशाल वाटा, बिलासाठी मनगट दुखवू नका. गीझरच्या बाबतीत मात्र यजमानांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तो तासभर जास्त राहिला तर परिणाम दिसतो. बघा, हिशेब कोणाचीच बाजू घेत नाही.

आमच्या घरची गोष्ट

आता माझी लाज सांगते. आमच्याकडे पूर्वी महिन्याला १२०-१३० युनिटं पडायची. फेब्रुवारीत मुलाचं लग्न झालं, सून घरात आली आणि मार्चचं बिल आलं २४० युनिटांचं. एप्रिलचंही तसंच. माझ्या मनानं लगेच निकाल दिला. सून रोज केस धुते, यंत्रानं वाळवते, ऑफिसला जायचं म्हणून रोज इस्त्री करते. मी उघड भांडले नाही, पण बायकांना न भांडता बोलता येतं, हे तुम्हांला काय सांगू! "हल्ली आमच्याकडे दिवाळीच असते बाई," असं मी शेजारणीला सांगायची, सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं. मे महिन्यात तिनं केस वाळवायचं यंत्र कपाटात टाकलं. ओल्या केसांनी ऑफिसला जायला लागली. बिल तेवढंच आलं, आणि तरी माझं तोंड थांबलं नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी तिनं मुलाच्या कॉलेजातली एक जुनी वही काढली. रोज रात्री दहाला आणि सकाळी सहाला जिन्याखाली जाऊन मीटरचा आकडा लिहायला लागली. मी म्हटलं, हे काय नवीन खूळ! चौथ्या दिवशी तिनं वही माझ्यासमोर ठेवली. "आई, रात्री आपल्याकडे फ्रिज आणि दोन पंखे एवढंच चालतं. आठ तासांत फार तर दीड-पावणेदोन युनिटं व्हायला हवीत. मीटरवर रोज चार होतात. आणि माझा ड्रायर रोज दहा मिनिटं लावला तरी महिन्याला पाच, इस्त्रीची फार तर दहा. वाढलीत मात्र एकशे दहा-पंधरा. बाकीची कुठली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रविवारी सकाळी आम्ही दोघींनी घरातला मेन स्विच पाडला. फ्रिजसुद्धा बंद. मग जिन्याखाली गेलो. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज वाहत असली की तो उघडझाप करतो, वापर जास्त तितकी उघडझाप भरभर. आमच्या घरात अंधार, आणि आमच्या मीटरवरचा दिवा लुकलुकतोय!

परवाना असलेला इलेक्ट्रिशियन बोलावला. दहा मिनिटांत उलगडा झाला. जानेवारीत सोसायटीनं जिन्याखालचं जुनं वायरिंग बदलून घेतलं होतं. त्या वेळी आमची आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची वायर एकमेकींच्या मीटरला जोडली गेली. आम्ही वापरायचो ते त्यांच्या बिलात, त्या वापरायच्या ते आमच्या. आणि काकूंकडे रात्रभर काय चालतं, हे मला माहीत असायला हवं होतं. त्यांच्या यजमानांना फुप्फुसाचा आजार. रात्रभर ऑक्सिजनचं यंत्र लावावं लागतं. साडेतीनशे वॉटचं यंत्र, आठ तासांची जवळजवळ तीन युनिटं. काकूंना वाटत होतं, यंत्र आणूनही बिल कसं काही वाढलं नाही, देवाची कृपा!

दोघींच्या सहीचा अर्ज वीज कार्यालयात दिला, वायरी जागच्या जागी आल्या. राहिला पैशांचा हिशेब. चार महिन्यांचा फरक पाच हजारांच्या आसपास गेला. घरात आजारी माणूस असलेल्या बाईकडे पैसे मागायला माझा पाय उचलेना. सूनच वही घेऊन वर गेली. काकूंनी सगळं बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "फुकट नको हो, पण एकदम जमणार नाही." दरमहा पाचशे ठरले. आजवर एकदाही चुकले नाहीत.

पण माझ्याकडची थकबाकी याहून मोठी होती. त्या रात्री स्वयंपाकघरात मी सुनेला म्हटलं, "चुकलं माझं. न बघता बोलले." आमच्या पिढीला हे वाक्य किती जड जातं, ते तुम्हांला ठाऊक आहे. ती ओटा पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "आई, मग उद्यापासून ड्रायर लावू ना?" आम्ही दोघी हसलो. पण ओल्या केसांनी पायऱ्या उतरणारी ती मुलगी मला अजून आठवते.

तेव्हा मेन स्विचची ही परीक्षा तुम्हीही वर्षातून एकदा घ्याच. मेन बंद केल्यावर पाच मिनिटं मीटरकडे बघा. काही मीटरचा दिवा वापर नसताना स्थिर पेटलेला राहतो, त्याची काळजी नको. उघडझाप चालू असेल तर मात्र कुठेतरी पाणी मुरतंय. कधी वायर बदललेली असते, कधी जिन्यातला दिवा किंवा सोसायटीचा पंप आपल्या मीटरवर असतो. शोध घेणं इलेक्ट्रिशियनचं काम. आपण मीटरचं सील तोडायचं नाही, वायरला हात लावायचा नाही, आणि पावसाळ्यात ओल्या हातानं त्या पेटीपाशीही जायचं नाही.

सरासरीचं बिल आलं तर

कधी दाराला कुलूप असतं, कधी वाचणारा येतच नाही. मग बिलावर रीडिंगऐवजी 'लॉक' किंवा 'रीडिंग उपलब्ध नाही' असा शेरा येतो आणि मागच्या वापराची सरासरी लावली जाते. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा घरोघरचं मीटरवाचन थांबलं होतं. हिवाळ्याच्या हिशेबानं सरासरीची बिलं निघाली आणि आपण भर उन्हाळ्यात दिवसभर घरात पंखे लावून बसलेलो. जूनमध्ये खरं रीडिंग घेतल्यावर फरकासकट जी बिलं आली, ती बघून घरोघर हाहाकार झाला. ज्यांच्याकडे दर महिन्याचे आकडे लिहिलेले होते, त्यांना आपलं बिल बरोबर की चूक, हे तरी कळलं.

सरासरीचं बिल दिसलं, की त्याच आठवड्यात आपला आकडा मीटरच्या फोटोसकट वीज कंपनीला कळवा. मोबाईलवरून ते करता येतं, मुलांना सांगा, ती दोन मिनिटांत करून देतील. आणि दोन-तीन महिन्यांचं बिल एकत्र आलं, तर युनिटं महिनावार वाटून टप्पे लावले आहेत का, ते जरूर विचारा. नाहीतर सगळी युनिटं एकाच महिन्याची धरली जाऊन वरच्या महाग दरात जातात.

बिल चुकीचं आहे अशी खात्री असेल तर घाबरून गप्प बसू नका, आणि रागानं भरायचंही थांबवू नका. २००३ च्या वीज कायद्यात दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. एक, थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दुसरी, बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यांतली जी कमी असेल ती 'हरकत नोंदवून' भरता येते. मग वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. मीटरच सदोष वाटत असेल तर शुल्क भरून त्याची तपासणी मागता येते.

आणि हो, "आज रात्री नऊला तुमची वीज तोडणार, लगेच या नंबरवर फोन करा" असा संदेश मोबाईलवर आला, तर फोन करू नका. पंधरा दिवसांची नोटीस आठवा. तसल्या फोनवरून लोकांची बँकेतली शिल्लक गेली आहे.

गॅसचं मीटर

मुंबई, ठाणे, पुणे आणि आता इतरही पुष्कळ शहरांत नळानं गॅस येतो. त्याचं मीटर स्वयंपाकघरातच असतं, म्हणजे आपल्या अगदी डोळ्यांसमोर. ते घनमीटर मोजतं. दशांश चिन्हाच्या आधीचे काळे आकडे पूर्ण घनमीटर, नंतरचे लाल आकडे त्याचे भाग. ००३४७ काळ्यात आणि ६२८ लालमध्ये असेल, तर रीडिंग ३४७. बिलात अंदाजे रीडिंग धरलेलं असेल तर इथेही आपला आकडा कळवायचा. सिलिंडरशी तुलना करायची असेल तर १४.२ किलोचा एक सिलिंडर म्हणजे साधारण अठरा घनमीटर गॅस, असं धरून चला.

पण या मीटरचा खरा उपयोग पैशांपलीकडचा आहे. रात्री शेवटचं दूध तापवून झालं, की सगळ्या शेगड्या बंद करून लाल आकडे लिहून ठेवा. सकाळी चहा ठेवण्याआधी पुन्हा बघा. एक घरसुद्धा पुढे सरकला असेल तर गॅस कुठेतरी गळतो आहे. मीटरजवळचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, आणि घराबाहेर जाऊन बिलावरच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करा. नळाचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. सिलिंडरचा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या घरात खिडकीबरोबर दारही उघडायचं. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

ज्यांच्याकडे सिलिंडर आहे त्यांचं मीटर म्हणजे वजनकाटा. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच रंगवलेलं असतं. त्यात १४.२ मिळवा आणि आणून देणाऱ्याला दारातच वजन करायला सांगा. संकोच कसला? आपण कांदे-बटाटे मोजून घेतोच ना! टाकी लावली ती तारीख कॅलेंडरवर लिहा. नेहमी चाळीस दिवस पुरणारी एकदम अठ्ठावीस दिवसांत संपली, तर आधी गळती तपासा आणि मग कोणाला काय बोलायचं ते बोला.

एवढं करा

मुलांची एक अर्धी कोरी वही घ्या. पहिल्या पानावर ग्राहक क्रमांक आणि मीटर क्रमांक लिहा. दर महिन्याला एक ठरलेली तारीख धरा. रीडिंग घेणारा साधारण ज्या तारखेला येतो तीच बरी. त्या दिवशी विजेचा आकडा, गॅसचा आकडा आणि मागच्या महिन्याशी फरक, एवढे तीनच रकाने. शेजारी पाहुणे, लग्नकार्य, आजारपण असा एका शब्दाचा शेरा टाका. सहा महिन्यांत तुमचं घर तुम्हांला नव्यानं कळेल. काही गावांतून आता स्वतःच आकडा कळवणारी नवी मीटरं बसत आहेत. तरी वही सोडू नका. मोजणारा कोणीही असो, आपलं टिपण आपल्याकडे हवं.

आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनीला एक खास सांगणं. वही एकटीनं लिहू नका. पहिल्या रविवारी यजमानांना मेन स्विचपाशी उभं करा, सासूबाईंना पेन द्या आणि तुम्ही आकडा वाचा. चूक तुमची निघाली तर एक गीझर वेळेवर बंद करण्याची सवय लागेल. नाही निघाली, तर सासूबाईंनाच काय ते बोलावं लागेल. अनुभवानं सांगते, त्यांना ते जड जाईल. त्या वेळी तुम्ही ओटा पुसत राहा, आणि मग मोकळेपणानं हसा.

वहीत काय निघालं ते मात्र मला कळवायला विसरू नका.